कंबर तलाव, नमुना सतरा

"शेवाळ ते शेवाळ," मल्लेशमामा म्हणाले
गळावरची नजर न काढता,
"त्याला कसलं नाव नि गाव?"

भिंगाखाली खरंच तसंच दिसलं:
गड्ड्याच्या जत्रेत
उंच पाळण्यातून दिसतात तशी डोकी,
सगळी सारखी.

मग पेशी फोडल्या.
तापवलं, निववलं, पुन्हा तापवलं.
एकोणिसाव्या फेरीला वीज गेली.
बाहेर बेचाळीस अंश,
आत मी बर्फाच्या डब्यावर हात ठेवून,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

आठवड्यानं पुण्याहून ओळी आल्या,
चारच अक्षरांच्या, हजारो.
मागावर सुटलेला धागा नाना बोटानं ओळखायचे,
न बघता.
मला बघावं लागतं.
इथं जुळतं, इथं जुळतं,
इथं नाही.

तिघं होती त्या थेंबात.
दोघांची नावं लागली.
तिसऱ्यापुढे नुसतं: नोंद नाही.

संध्याकाळी मामांना सांगितलं.
त्यांनी गळ वर घेतला, रिकामाच,
आणि पाण्याकडे बघत राहिले.
"म्हंजे इथंच राहतंय,
आन् आपल्यालाच ठावं न्हाई?"
मग जरा थांबून:
"रेशनकार्ड नसंल त्याचं."