हिंगाची डबी

फॉर्मात पहिला प्रश्न परदेशप्रवासाचा.
मी म्हटलं, बाई, पाच वर्षांत कणकवली झाली नाही.
दुसरा: बाधिताशी संपर्क?
आता बाधित कोण ते चाचणीशिवाय कळणार कसं,
आणि बाधिताला शिवल्याशिवाय चाचणी होणार कशी,
हे विचारलं तेव्हा फोनवरची मुलगी
जरा थांबली. तिलाही कुणीतरी कागदच दिला असणार.
ताप? नाही. धाप? जिना चढताना, पण ती जुनीच.
वास येत नाही, म्हटलं.
म्हणाली, वास यादीत नाही.

लालबागला बावीस वर्षं मसाला कुटून देते मी.
डंकाखाली मिरची पडायच्या आधी
ती गेल्या सालची की यंदाची, नाकानं सांगते.
तिरफळ सादळलं असेल तर दारातूनच परत.
आणि ऐन एप्रिलात, हंगामात,
डंक कुलपात, आणि मी घरी
दगडफुलाच्या पिशवीत तोंड घालून बसलेली.
नुसता कागद.

खाजगी लॅबला साडेचार हजार, वर डॉक्टरांची चिठ्ठी.
डॉक्टर गावी अडकलेले.
शटरवर नंबर, नंबर बंद.
कांडप किलोला साठ रुपये.
म्हणजे पंच्याहत्तर किलो मिरची कुटली
की एक काडी नाकात जाते.
हा हिशेब लाइटबिलाच्या पाठीवर केला
आणि घडी घालून ठेवला.

समोरच्या टॉवरखाली गाडी आली एकदा.
पांढऱ्या झग्यातला मुलगा, हातात थंड डबा.
गॅलरीतून ओरडले, दादा, एखादी उरली तर!
त्यानं दहा बोटं दाखवली,
मग दोन्ही मुठी मिटल्या.
झगा पाठीला चिकटलेला त्याचा, घामानं.

त्या रात्री सुचलं.
हिंगाची डबी घेऊन मजल्यावर निघाले,
तोंडावर पदर दुहेरी.
उंबऱ्यावर कपटा ठेवायचा, कपट्यावर चिमूट,
चार पावलं मागे सरायचं.
डोळे मिटा. सांगा.
नार्वेकर म्हणाले, हिंग. त्यांचा नातू म्हणाला, हिंग, शी.
गुरवांचा थोरला म्हणाला काहीच नाही,
मग हसला,
मग हसायचा थांबला.
अकरा खोल्यांत चौघं.
पैसे नाहीत, चिठ्ठी नाही, निकाल जागेवर.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून बोलावणं,
तिसऱ्या दिवशी मागच्या चाळीतून,
आणि डबीचा तळ दिसू लागला.
तेव्हा मीच विचारायला लागले,
ताप आहे? कुणाला भेटलात?
मीच लोकांना परत पाठवलं.

मंजुळाकाकूंना मात्र नाही म्हणवेना.
त्यांनी डोळे मिटले, वाकल्या, म्हणाल्या,
हिंग गो, दुसरा काय असतला?
मला इतकं बरं वाटलं.
नवव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.
दाखल्यावर हृदयविकार.
संध्याकाळी टीव्हीवर आकडा आला, त्यात त्या नव्हत्या.
गुरवांचा थोरलाही नव्हता, मीही नव्हते.

डबी पिवळी. लांबून ओळखू येते.
काकूंनी डोळे मिटले ते मी उंबऱ्याशी पोचल्यावर.
चाळ सील होईल म्हणून बोलल्या असतील,
किंवा लेकीची नोकरी जाईल म्हणून.
किंवा खरंच आला असेल वास.
किंवा हिंगच कधीचा उडून गेला होता,
आणि बाकीच्यांनीही डबी बघूनच सांगितलं.
मला कसं कळणार?
रोज निघण्याआधी पोराला हुंगायला द्यायची,
तो म्हणायचा, चांगलाय आई.
बारा वर्षांचा तो. त्याच्या नाकावर मी तीन मजले चालवले.

मे महिन्यात, एका दुपारी,
उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आला.
शेगडी पुसता पुसता मी रडले.
मग धणे हुंगले, जायपत्री, पोराचं डोकं,
लाइटबिलाचा कागदसुद्धा.

डबी फळीवर आहे. तळाशी थोडा हिंग असेल अजून.
ती मात्र
मी हुंगलेली नाही.