अनुभवाचा दाखला

डेट्रॉइटहून तुझ्या वकिलाचा मेल आलाय, खैरनार.
ग्रीन कार्डासाठी अंबडच्या प्लँटचं पत्र हवंय :
तुझ्या हाताखाली किती,
त्यांच्या हाताखाली किती,
आणि हे, की तू स्वतः
कशालाच हात लावत नव्हतास.

टाइप करतेय.
तक्त्यात मीही आहे, डावीकडून दुसरी चौकट.

लाइट गेलेल्या त्या रात्री
कॉम्प्रेसरखाली आडवा तू,
कोपरापर्यंत ग्रीस,
म्हणून गार झालेला पाववडा
मी भरवला होता.
ते यात बसत नाही.

सीबीएसजवळच्या नोटरीने विचारलं,
"साहेब परत येणार?"
अर्ज कायमचा आहे, म्हटलं,
आणि शाईचं बोट
त्याच्याच टेबलाला पुसलं.