रडलं होतं का

आमच्या कामात सगळ्यात आधी वय विचारतात.
कंधार तालुक्यात, मन्याडच्या काठाला,
माणसं साठ वर्षांची असतात. पासष्ट. सत्तर.
एकसष्ट कुणीच नसतं.
आलेख काढला की पाचापाचावर खांब उभे राहतात
आणि मधल्या सालांत जन्मलेले
कुठल्या तरी खांबामागे दडून बसतात.
ते खांब घासून सपाट करायचं सूत्र असतं.
मी ते पंचवीस वर्षं वापरतेय,
माझा त्यावर फारसा विश्वास नाही.

म्हणून पिशवीत एक यादी असते,
पाठपोट छापलेली, घड्यांवर फाटलेली:
रझाकार.
बहात्तरचा दुष्काळ, सुकडी, खडीची कामं.
भूकंपाची पहाट.
मधे माझ्या अक्षरात: गावात लाइट आली ते साल,
पारावर वीज पडली ते साल,
पाटलाच्या विहिरीत म्हैस पडली ते साल.
(हे शेवटचं तिघा म्हाताऱ्यांनी तीन वेगळं सांगितलं.
म्हैस एकच असावी.
किंवा तीन.)

घर क्रमांक सत्तेचाळीस. केवळबाई सोनकांबळे.
चाळणीत तूर, पाय लांब सोडलेले.
"लिव साठ," म्हणाल्या.
शहनाजचा कामावरचा तिसरा दिवस,
तिनं यादी उघडली. "सुकडी आठवते का, मावशी?"
"आठवंना तर. पोटुशी व्हते, खडी फोडत व्हते."
लग्न झालेलं, पोटुशी, म्हणजे सतरा तरी.
साठाचे अडुसष्ट झाले.
"आठ वर्सं कुठून आनलीस गं माय?"
सगळे हसलो. सुनेनं चहा टाकला.

लेकरं किती? चार. हयात किती? चारी.
थोरला कधीचा?
"लाइट आली तवाचा."

शहनाज थांबली. बोट यादीवरच.
दुष्काळ आणि लाइट यांच्यामध्ये
चार ओळींचं अंतर होतं.

पुढचा प्रश्न पन्नाशीच्या आतल्या बायांसाठी आहे.
केवळबाईंना तो विचारायचाच नव्हता.
पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय,
आवाज मृदू ठेवावा हेसुद्धा लिहिलंय.
मी तिला खुणेनं नको म्हणेपर्यंत
शहनाजनं पुस्तिकेतलं लांबलचक वाक्य सोडून
आपल्याच शब्दांत विचारलं:
"मावशी, ते रडलं होतं का?"

चाळणी थांबली.
सून चहाचं भांडं धरून दारातच उभी.

"रडलं की.
ढिगाच्या आडोशाला, लुगडी धरली व्हती बायांनी.
मुकादमानं माझा आर्धा दिस मांडला मस्टरवर.
तिचं काय मांडलं न्हाई."

मुलगा एक, मुलगी दोन, योग्य आकड्याला गोल करा.
नाव?
"पाचवीपत्तुर तरी ऱ्हावं लागतंय की नावाला."
किती दिवस?
"दिस कुठला. सांच्याला काम सुटंस्तवर."

एका दिवसाहून कमी असेल तर
शून्य शून्य लिहायचं असतं.
शहनाजनं शून्य शून्य लिहिलं,
आणि चौकटीबाहेर, मशीनला वाचता येत नाही त्या जागी,
बारीक: काम सुटेपर्यंत.

"काय लिवलालीस एवढं? वाच बरं."
तिनं वाचलं. वय अडुसष्ट.
जन्मलेली पाच.
"परत वाच."
पाच.
केवळबाईंनी मान हलवली आणि चाळणी उचलली.
तुरीतला खडा काढून अंगणात भिरकावला,
कोंबडी तिकडं धावली.
"चा घ्या," सून म्हणाली, "गार व्हलालाय."

रात्री नांदेडच्या लॉजवर सत्तेचाळीस नंबर तपासायला घेतला.
पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी आम्ही हिशेबात धरत नाही.
चुकीचा विचारलेला प्रश्न लाल शाईनं छेदायचा,
खाली पर्यवेक्षकाची सही.

सही केली.
लाल पेन वाळलं होतं.
किंवा ऑफिसात मी तसं सांगितलं.