उरलेली ओढ

इवातेच्या डोंगरात, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीत,
सहाशे मीटर आत,
उणे दोनशे एकोणसत्तर अंशांत
एक पोकळ गोळा तरंगतो. सुपारीएवढा.
कशालाच न टेकलेला.
त्याला फक्त ओढ कळते.

माझं काम वजाबाकीचं.
चंद्राची ओढ वजा. सूर्याची वजा.
हवेचा दाब वजा, डोंगरावर साचलेलं बर्फ वजा,
खडकांत झिरपलेलं पाणी वजा.
मार्चअखेर अस्वलं जागी होतात,
ती मात्र मी हिशेबात धरत नाही.
शेवटी जे उरतं
ते कोणाचं, हे शोधायला मला पगार मिळतो.

दारावर पाटी: आत थांबू नये.
माणसालाही वजन असतं,
गोळा ते लिहून ठेवतो.

त्या रात्री चिलीचा किनारा हलून बावीस तास झाले होते.
बातमी शिळी होती. समुद्रातल्या बोयांनी ती कधीच दिली होती,
भोंगे वाजून थकले होते,
सुझुए मावशी गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर
देवळाच्या आवारात, ब्लँकेट पांघरून.
मी इथे. मधे दोन डोंगररांगा.
समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही.

तीन वाजून एकेचाळीस.
रेघ थरथरली.
आधी वाटलं, कुठेतरी बर्फ घसरलं असेल.
बर्फ वजा केलं. तरी थरथर उरली:
एक हेलकावा, चाळीस मिनिटांनी दुसरा,
गाढ झोपलेल्या कुणाच्या छातीसारखा.
अख्खा महासागर ओलांडून आलेलं पाणी
खाडीत चढत होतं,
आणि इथे, दगडाच्या पोटात,
सुपारीला ते जड होत होतं.

फोन लावला. मावशी म्हणाली,
"कालवांचे तराफे गेले गं. अकराच्या अकरा.
पाणी गुडघाभरच. पण माघारी जाताना
हात धरून नेल्यासारखं नेलं.
मी एवढ्या पायऱ्या चढले, तुझ्या गोळ्याला कळलं का?"
नाही म्हटलं. तू फार लांब. तू
इतक्या शून्यांच्या मागे की
"असू दे," ती म्हणाली, "शहाणा आहे तो.
इथे जो तो माझे गुडघेच विचारतोय."

मग मी करायचं नाही ते केलं.
आत गेले. यंत्रावर ओणवी झाले,
श्वास रोखून, शंभर मोजेपर्यंत.
बाहेर येऊन पाहिलं तर रेघेत
एक बारीक खाच.

नोंदवहीत लिहिलं:
०४:५२. लाट नव्हे. ओइकावा.
वजा करावे.