पातळी तपासताना

दर गुरुवारी रात्री, वाल्दिव्हियात,
नदीकाठच्या दुमजली लाकडी इमारतीत
एक कवी जिना चढून यायचा.
चौथी पायरी करकरायची. ती आम्ही कधी दुरुस्त केली नाही.

एकतीस वर्षं मी काचेच्या अलीकडे.
पलीकडे नेलिदा, तिचा थर्मास, पाण्याचे दोन पेले
आणि दर वेळी निराळा घाबरलेला माणूस.

कवितेतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.
मी माणसं काट्यावरून ओळखली.
कुणाचा 'प' मायक्रोफोनला थापड मारायचा,
कुणी वाक्याच्या शेवटी विहिरीत उतरल्यासारखा खोल जायचा,
आणि लाकूडगिरणीतला तो बाउतिस्ता ओयार्सो,
जन्मभर करवतीच्या वर आवाज चढवून बोललेला,
त्याला खुर्चीसकट दीड हात मागे सरकवलं
तरी काटा लालमध्येच.
कविता मात्र मुंग्यांवर.

चिलोए बेटावरून एकदा रोसाल्बा आली, लोकर विणणारी.
चष्मा बोटीतच राहिलेला.
मग नेलिदा तिची वही वाचायला लागली
आणि ही दर ओळीला, "छे, असं नाही ते."
तिसऱ्या कवितेपर्यंत वहीतलं काहीच उरलं नव्हतं.
मी घड्याळ पाहायचं विसरलो.
अकराच्या बातम्या सहा मिनिटं उशिरा गेल्या
आणि साहेबांनी माझे सहा मिनिटांचे पैसे कापले.
खरंच कापले.

टेपा कमी असायच्या, जुन्यावरच नवं भरायचो.
पुसायचं यंत्र म्हातारं, अर्धवट पुसायचं,
म्हणून एका तरुण मुलीच्या समुद्राखाली
कान देऊन ऐकलं तर अजून
तेव्हाच वारलेल्या डॉन एलिसेओंचा खोकला आहे.
मला तो काढता आला असता.

आता मूळ गोष्ट.
नेलिदाचा पहिला प्रश्न सगळ्या दक्षिणेला पाठ होता:
"येताना वाटेत काय पाहिलंत?"
पेपरात त्याच्यावर लेख आले. एका मास्तरांना
त्यात तत्त्वज्ञान सापडलं.
तो प्रश्न माझा.
पहिल्याच गुरुवारी, आवाजाची पातळी लावायला
माणसानं काहीतरी बोलावं, एवढ्यासाठी विचारलेला.
आकडे मोजा म्हटलं की कवी रुसतात.
तो गृहस्थ म्हणाला, पुलावर एक बाई
हातात एकच बूट घेऊन उभी होती.
आणि काचेपलीकडून नेलिदानं माझ्याकडे पाहिलं,
वाटीभर साखर मागताना शेजारीण पाहते तसं.
मी मान हलवली. साखर काही परत आली नाही.
कुणाला बोललो नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "बरं."

पुढे नेलिदाच्या गुडघ्यांनी जिना नाकारला.
आता कॉन्स्तान्सा आहे, चुणचुणीत, हेडफोन गळ्यात,
ती थेट पुस्तकापासून सुरू करते. तिचं बरोबर आहे.
चौथी पायरीही बदलली.

पण लाल दिवा लागायच्या आधी
मी बटणावर बोट ठेवून अजून विचारतो,
आणि गेल्या गुरुवारी पायाकोहून आलेला पोरगा सांगू लागला,
मासळीबाजारापाशी एक समुद्रसिंह रस्त्यात आडवा झोपला होता,
बस थांबली, ड्रायव्हर खाली उतरला,
टोपी काढली, आणि त्याच्याशी अदबीनं काहीतरी बोलला

"पुरे," मी म्हणालो, "पातळी मिळाली."
आणि मग, बटण न सोडता, "काय बोलला पण?"