कमान

अमळनेरला बोरीच्या पुलाअलीकडे
रज्जाक पिंजारींचं गॅरेज.
भिंतीवर आजोबांची धनुकली अजून टांगलेली,
तात सैल, लाकूड काळं.
आजोबा कापूस पिंजायचे,
नातू गाड्यांचे पाटे बांधतो.

मी पिकअप आत घातली.
नऊ वर्षं सावद्याच्या शेतांतून
मालधक्क्यापर्यंत केळी वाहिलेली.
पासिंग दीड टनाचं,
भरायचो अडीच.

"आते काय भरशी?"
"काहीच नाही. जैसलमेरकडे शर्यत आहे,
वाळूत पळवायचीय.
दोन माणसं, दोन स्टेपन्या, पाण्याचा कॅन."
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मंग ते अवघड शे."

भरलेली गाडी बिचारी गुमान चालते.
रिकामीच्या अंगात मात्र
न उचललेल्या वजनाची सगळी ताकद असते,
साध्या खड्ड्यात लाथ मारते.
हे मला नवं नव्हतं.
रिकामी मी फक्त परतीला चालवली,
दर धक्क्याला दात आपटत,
रात्री, उशीर झालेला, फोनवर शिव्या खात.
धुळ्याचा डॉक्टर मणक्याचा फोटो उजेडात धरून म्हणाला,
गाडी सोडा.
सेहेचाळिसाव्या वर्षी मनात आलं,
सोडण्याआधी एकदा तिला
पोचवायचं काही नसताना पळवावं.

यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले.
रॉकेल, घण, पुन्हा रॉकेल.
संध्याकाळी पाटे निघाले
आणि फरशीवर उंचीनं उभे राहिले,
प्रार्थनेच्या रांगेत पोरं असावीत तसे, नऊ.
मधे दाबून बसलेली काळी माती,
आणि केळीच्या सोपटाचा एक धागा,
कुठल्या सालचा कोण जाणे.

चार बाजूला ठेवले.
उरलेले भट्टीत लाल केले, नवा बाक दिला,
तेलात बुडवले.
मग रज्जाकभाई एकेकाला हातोडीनं टिचकी मारून
कान लावत गेले.
तिसऱ्यापाशी थांबले.
"हाऊ खोटं बोलस."
मला तर सगळे सारखेच वाजले.
तो पुन्हा भट्टीत गेला.

पुण्याहून शॉकअप आले, चाकामागे दोन,
प्रत्येकाला नळीनं जोडलेली गॅसची बाटली.
त्यांनी ते हातात घेऊन दाबले, सोडले,
पाहुण्याचं नाव गाव विचारावं तसे.
"कमान याद ठेवस," म्हणाले,
"एक खड्डा दहा दा सांगस.
हाऊ तिले विसराले लावस."
मी चहाचा ग्लास फिरवत बसलो.
घरी माझ्याबद्दल हेच म्हणतात,
पहिल्या वाक्यापर्यंत.

वैशाख. पहाटे पाच. बोरीचं कोरडं पात्र.
टरबुजाच्या वाड्या टाळून
आम्ही खालच्या अंगाला गेलो.
पहिल्या उंचवट्यावर गाडी बुडाशी ठोकली, ठण्‌.
मणक्यातून वीज गेली.
ते वाळूत उताणे झाले,
कसलंसं बटण दोन टिक फिरवलं,
अंग न झटकता बाजूला बसले.
"आते सोड."

साठ. सत्तर.
आरशात धुळीशिवाय काही नाही.
खाली चाकं वेड्यासारखी नाचत होती
आणि वर मी,
डोक्यावरची भरली घागर न हिंदकळता चालावी, तसा.
मग तो मोठा उंचवटा आला.
ब्रेककडे जाणारा पाय
मी जागच्या जागी धरून ठेवला.

चारही चाकं सुटली.
इंजिनाचा आवाज एकदम उघडा पडला.
तेवढ्यात मला डाव्या काठावरची
एक टिटवी नीट दिसली.
आणि उतरलो,
ताज्या पिंजलेल्या गादीवर
पोरानं उडी मारावी तसे.

रज्जाकभाई काही बोलले नाहीत.
गाडी थांबल्यावर खाली वाकून
शॉकअपला बोट लावलं, झटकन काढलं.
"तपना."
"चांगलं की वाईट?"
"धक्का कोठे तरी जाईच ना, भाऊ."
त्यांनी बोट तोंडात घातलं.

काढलेले चार पाटे घरी आणले.
बायको म्हणाली, भंगारात टाका.
दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच एक उचलून
वजन पाहिलं, उन्हात धरला, म्हणाली,
याचा घड कापायचा विळा चांगला होईल.