आवक नोंद

सुवार्ता मॅडमनी चावी दिली, वही दिली,
आणि म्हणाल्या, कूलरच्या टाकीत पाणी भरणं
हेही सेवाकार्यच आहे.
मी हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

सदरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या.
एक दान आलेल्या वस्तूंची,
एक प्रार्थनेची. तिथंच दुपारी डबे उघडतात,
म्हणून भिंतीवरच्या वचनाला जवसाच्या चटणीचा वास.

सकाळी साडेनऊला सगळे डोळे मिटतात.
मी अर्धे मिटतो.
मेटॅडोर चालवणारे याकोबकाका
देवाशी बोलतात गॅरेजवाल्याशी बोलावं तसं:
प्रभू, क्लच प्लेट बघ. ब्रेक ठीक आहेत.
आणि बेड नंबर बावीसच्या पोरीला बघ.
आमेन कुठं म्हणायचं ते मला अजून कळत नाही.
एकदा मधेच म्हणून बसलो.
काकांनी वाटेतला खड्डा चुकवावा तशी
प्रार्थना माझ्या बाजूनं काढून नेली.

माय भिवापूरहून फोन करते.
"पगार देतात न टायमावर?"
देतात.
"आनखीन काही तं नाही न देत?"
ती काय विचारते आहे ते मला कळतं.
मी म्हणतो, चार वाजता चहा देतात.
ती जरा गप्प राहते,
मग मिरचीचा भाव सांगते. पडला आहे.
व्यापारी म्हणे माल दाबून बसलेत.

अकराला मेडिकलच्या गेटवर खिचडी.
आधी वाढायचं, मग गाव विचारायचं,
आजार विचारायचाच नाही.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं म्हणून मी वहीत लिहू लागलो,
तर मॅडम म्हणाल्या, वहीत फक्त ताटं मोज.
गडचिरोलीकडची एक बाई ओढणीच पुढे करते,
तिच्याकडे भांडं नाही.
त्या ताटाचा आकडा कसा धरायचा?
धरला.

दुपारी पोती उघडली.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
आणि शिमल्याकडच्या कुठल्याशा मंडळीनं प्रेमानं पाठवलेले
एकवीस कोट.
लोकरीचे, आतून अस्तर,
एकाच्या खिशात नारकंड्याचं बसतिकीट.
वहीत रकाने चार: वस्तू, नग, स्थिती, उपयोग.
स्थिती, उत्तम.
उपयोग,
पेनावर घाम उतरला.
मी सुचवलं, विकून टाकू या.
त्या म्हणाल्या, रकाना सोड. राहू दे कोरा.

आठवडाभर कोट खुंट्यांवर.
दार उघडलं की वाटायचं
एकवीस माणसं खांद्याला खांदा लावून बसली आहेत
आणि कोणीतरी त्यांना आत बोलावेल म्हणून थांबली आहेत.

गुरुवारी रांगेत भोजराज नेवारे.
रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय
आणि हा माणूस शिंकतोय, सलग, सात वेळा.
गाव पारशिवनी. बायको आत भरती.
"काम कळमन्यात, कोल्ड स्टोरेजमधी.
मिरची ठेवतात न, साहेब.
तिले थंडी लागते, आमी तिच्यासंगं भोगतो.
पोतं पांघरून जातो आत."
कुठली मिरची?
"भिवापुरी."

डाव पातेल्यात तसाच ठेवून मी काकांकडे धावलो.
दुसऱ्या दिवशी भोजराजनं कोट तिथंच घालून पाहिला.
बटणं लावेपर्यंत घामानं निथळला,
अख्खी रांग हसली, बाह्या लांब होत्या.
म्हणाला, आमी आठ जण आहो.
आठ दिले.
रकान्यात लिहिलं: मिरची राखायला.
मॅडमनी वाचलं, खाली सही केली.
मायला सांगितलं नाही. काय सांगणार,
तिचा भाव पाडणाऱ्याच्या गोदामात
मी ऊब पोचवली म्हणून?

आज सकाळी काकांनी क्लच प्लेट सांगितली.
बाईंच्या गुडघ्याचं सांगितलं.
पावसाचं नाही, तो त्याच्या वेळेनं येतो म्हणतात.
बेड नंबर बावीस घेतलं नाही.
मी वाट पाहिली. डोळे पूर्ण मिटून.
मग सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं, बरोबर जागी,
आणि काही न विचारता
बादली घेऊन कूलरकडे गेलो.
तेरा कोट शिल्लक आहेत.